कानाच्या पाळीचा चिमटा

रात्री दोनला यंत्र ओरडलं. आकडाच नाही.
चिमटा या बोटावरून त्या बोटावर,
दहाही बोटं निळी,
पडद्यावर नुसती सपाट रेघ.
नवा डॉक्टर घाबरला.
मी चिमटा तिच्या कानाच्या पाळीला लावला,
कुडीच्या रिकाम्या भोकाशेजारी,
आणि आकडा आला : शहाऐंशी.

प्रमिला पावसे, वय शेहेचाळीस, मुक्काम हर्णै.
वीस वर्षं हात बर्फात.
लिलाव उठला की पापलेट बर्फात, सुरमई बर्फात,
बोटं आधी पांढरी, मग निळी, मग लाल.
बाजूच्या म्हणायच्या, पमे, होडीचा रंग उरलेला काय गो?
ती हसायची.
(हे नवऱ्याने सांगितलं, बाहेरच्या बाकड्यावर, टोपी पिळत.)
मग कातडी ताणत गेली
वाळत घातलेल्या मुशीसारखी.
तोंड पुरतं उघडेना;
नळी घालताना भूलतज्ज्ञाने तीनदा घाम पुसला.

वाताचा आजार म्हणतात याला.
वात म्हटलं की लोक तेल आणतात, निर्गुडीचा पाला आणतात.
तिच्या सासूनेही आणला होता, पिशवीभर.
वात तोवर फुप्फुसात.

सकाळी राउंडला दोन मतं.
जंतू असतील तर स्टेरॉइड थांबवा.
आजारच उसळला असेल तर वाढवा.
बेडक्याचा रिपोर्ट कोल्हापूरहून यायचा,
आंबा घाटात दरड,
गाडी साखरप्याच्या अलीकडे येईना.
मोठे सर खिडकीबाहेर बघत राहिले,
बस चुकलेला माणूस रस्त्याकडे बघतो तसे.
मग म्हणाले, दोन्ही द्या.

आमच्याकडे गुण मांडतात :
ताप, दाब, लघवी, रक्तातलं मीठ.
बेरजेवरून टक्के.
प्रमिलाच्या वाट्याला जगण्याचे बावीस आले.
शेजारच्या खाटेवर गुहागरची पोर,
ल्यूपस, बी.एस्सी.चं शेवटचं वर्ष,
तिला एकाहत्तर.
गुरुवारी पहाटे त्या पोरीच्या पायातलं पैंजण सोडवून
मी तिच्या मामाच्या हातात दिलं.
फिरकी घट्ट होती. वेळ लागला.
प्रमिला एकोणिसाव्या दिवशी खोकली,
नळीशिवाय.

रजिस्टरात शेवटचा रकाना : निकाल.
तिथे तीनच शब्द चालतात.
बरी. हलवली. मयत.
मी 'बरी' लिहिलं
आणि पेन तसंच धरून बसले.

मार्गशीर्ष संपल्यावर नणंदेसाठी सुकं म्हावरं आणायला हर्णैला गेले.
लिलावापासून लांब, बर्फाच्या गाड्यांकडे पाठ करून
ती बसली होती, भर उन्हात लोकरीचे हातमोजे.
पुढ्यात सोडे, जवळा, बोंबील.
चिमटीत काही धरवेना;
दोन मनगटांमध्ये माप धरून ओतायची,
निम्मा जवळा वाळूत.
मुलगी वेचत होती, न बोलता.

तिने मला ओळखलं नाही. ओळखणार कशी,
एकोणीस दिवस मी फक्त तिच्या झोपेत वावरले.
"कोनाची गो तू? घे ना, वास तरी बघ."
मी भाव केला नाही.
तिने वीस रुपये जास्तच लावले.
पैसे मुलीकडे द्यायला मान वळवली, तेव्हा पाहिलं :
कुडी एकाच कानात.
चिमट्याच्या बाजूचं भोक बुजलं होतं.