अर्धं भरलेलं पिंप

लिलावाच्या लादीवर मी खडूने समुद्र काढला.
देवगडच्या सोसायटीचा कारकून मी,
एरवी फळ्यावर सुरमईचे भाव लिहितो.
बेचाळीस चौकोन. वर विजयदुर्ग, खाली आचरा,
आणि मधे फुली, जिथून उल्हास कुबलचा
शेवटचा फोन लागला होता, तोही अर्धाच.

रत्नागिरीहून आलेला अधिकारी तरुण होता, नम्र होता.
विचारलं, बोटीत तरंगणारं काय काय होतं?
रिकाम्या हाताच्या माणसाला पाणी एका वाटेने नेतं,
काही धरलेल्याला दुसऱ्या.

प्रणिता म्हणाली, थर्माकोलचं खोकं. फुटकं.
आणि निळं पिंप...
मग थांबली.
पिंप तिच्या मागल्या दारी होतं.
नळाला पाणी नाही म्हणून तिनेच सोमवारी
बोटीवरून उतरवून घेतलं होतं.

अधिकाऱ्याने काही न बोलता
दहा चौकोन पुसले.
शोध सोपा झाला होता.
हे कुणी मोठ्याने म्हटलं नाही.

दुसरा खलाशी: वय, वजन, शर्टाचा रंग.
रकाने कोरेच. त्याला सगळे नुसतं बहादूर म्हणत.
नाव शोधायलाच पाऊण तास गेला,
चहावाल्याच्या उधारीच्या वहीत मिळालं:
गोकर्ण राना, एकशे चाळीस रुपये.

भिंतीला टेकलेला गुणाजी तांडेल खाकरला,
"तुमचो हिशोब भांगाचो. आज उधाण आसा."
चौकोन दोन वितींनी दक्षिणेला सरकले.
बोटी चौदा, डिझेल नऊंपुरतं.
कुठले चौकोन सोडायचे?
सगळे माझ्याकडे बघत होते,
कारण खडू माझ्या हातात होता.

पहाटे चारला प्रणिता आली, डोक्यावर पिंप.
"ह्यां थंयसून सोडा. बगा खंय जाता."
पोकळ आहे, अधिकारी म्हणाला, वाऱ्यावर पळेल.
गुणाजी उठला. बादलीने पिंपात पाणी ओतत राहिला,
मधेमधे हात घालून खोली बघत.
"माणूस इतकोच वर रवता."
मग बूच आवळलं.

सातला बांगडा आला. लिलाव तर व्हायचाच होता.
टोपल्या भिंतीकडेने लागल्या, बोली हळू आवाजात.
बर्फाचं पाणी लादीवरून वाहत आलं
तेव्हा कुणीतरी गोणपाट आडवं टाकलं,
सोडलेल्या चौकोनांपुढेसुद्धा.