पुन्हा दाखवल्याचे पैसे

बाबा जाऊन चौदा महिने झाले
आणि आज परत त्यांच्या नावाचा चेक आला:
तीन पौंड चाळीस पेनी.
उरुग्वेत कुठल्याशा वाहिनीवर, बहुधा रात्री अडीचला,
ते पुन्हा एकदा जिन्यावरून पडून मेले असणार.

मरण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं.
अ‍ॅक्टनच्या या दोन खोल्यांतून डबा घेऊन निघायचे
आणि मरून संध्याकाळी परत यायचे.
सत्तेचाळीस वेळा. मी मोजलंय.
गोळीने एकोणीसदा, विषाने चारदा,
एकदा मगरीने
(रबरी होती, आत बसलेल्या वेल्सच्या पोराला सर्दी झाली होती).
बहुतेक वेळा पहिल्या जाहिरातीच्या आत,
कारण नायकाला पुढे कामं असायची.

मिश्कोल्त्सच्या रंगमंचावर म्हणे
ते एका श्वासात अकरा ओळी म्हणायचे,
आणि शेवटच्या रांगेतली कोळसेवाली
पदराने नाही, हातमोज्याने डोळे पुसायची,
तोंड काळं व्हायचं तिचं.
मग छप्पनच्या नोव्हेंबरात
रात्री एक चिखलाचं शेत ओलांडताना
श्वास तेवढा बरोबर आला.
ओळी पलीकडेच राहिल्या.

इथे वाक्यं मिळाली ती मोजून.
कागद दाखवा.
मोटार तयार आहे, कर्नल.
तो खोटं बोलतोय.
रशियन झाले, जर्मन झाले, ग्रीक खानावळवाले,
एकदा, देव क्षमा करो, तिबेटी लामा.
उच्चार सगळ्यांचा एकच, मिश्कोल्त्सचा.
कुणाच्या लक्षात आलं नाही.
परका तो परका.

श्रेयनामावलीत: एडमंड सेंट्री.
एजंट पॉलफ्री म्हणाले होते,
खरं नाव पडद्यावर मावत नाही.
मावलं असतं.
मी पट्टी लावून बघितलंय.

मोठं काम एकदाच. चौसष्ट साली, सहा भाग,
बुद्धिबळपटू,
आणि शेवटपर्यंत जिवंत!
आई सांगायची, अर्धी गल्ली आमच्या खिडकीत उभी होती.
पुढे वाहिनीने त्या टेपा पुसल्या
आणि त्यांच्यावर घोड्यांच्या शर्यती घेतल्या.
टेप महाग होती गं तेव्हा, बाबाच आम्हाला समजवायचे.
शर्यत चांगली झाली, असंही म्हणाले.

उरले ते हे बारा सेकंद.
एक स्वस्तातला हेरपट,
बाबा नकाशात नसलेल्या देशाचे मंत्री,
लांब फरकोट, हातात पिस्तूल.
दिग्दर्शक म्हणाला, धमकी दे.
तुझ्या भाषेत काहीही बोल, इथे कुणाला कळतंय!
आणि बाबा बोलले. असं बोलले
की लहानपणी त्या बारा सेकंदांपुरती
मी उशीत तोंड खुपसायचे.
ती भाषा त्यांनी मला कधी शिकवली नाही.
एका घरात एक परका पुरे, म्हणायचे.

मागच्या शनिवारी फोनमध्ये ते दृश्य घेऊन
ईलिंगच्या सॉसेजवाल्या पिरोश्काबाईंकडे गेले.
त्यांनी चष्मा लावला. पाहिलं.
फिस्कन हसल्या, आणि मग सुरी खाली ठेवली.

म्हणतोय, हा कोट माझा नाही.
सहाच्या आत कपडेपटात परत द्यायचाय.
बूटही चावतायत.

आणि मग?

मग काही नाही. नाव सांगतोय.
आडनाव आधी, आमच्यात सांगतात तसं:
सेंतिर्मॉई ओडोन.

त्यातला तो ओ.
ओठ ओचे ठेवायचे, जीभ एची.
त्यांनी तीनदा म्हणून दाखवला,
मागे गिऱ्हाईकं खोळंबली,
मला काही जमेना.

आज बँकेतल्या मुलीने चेक उलटासुलटा केला.
हे खातं तर बंद आहे, म्हणाली.
हे गृहस्थ कोण तुमचे?
पूर्ण नाव सांगाल?

मी आडनावापासून सुरुवात केली.