डबल

गाडी माझी, सेकंडहॅण्ड. मागच्या काचेवर
आधीच्या मालकाच्या मुलीचं नाव अजून अर्धं चिकटलेलं.
डावीकडे अण्णा.
अँटॉप हिलच्या वळणावर सुरू झाली ती:
टिंग.
टिंग.
टिंग.

"सिंगल देतंय कोणीतरी," अण्णा म्हणाले,
"थांबव. उतारू आहे."

उतारू नाही अण्णा, पट्टा लावा.
"नाही लावत."
मग ती वाजत राहील.
"वाजू दे. एकतीस वर्षं मी तिला वाजवली,
आता ती मला वाजवतेय."

आधी सावकाश, मग घाईघाईनं,
मग उधारी मागायला आल्यासारखी दारातच बसून.
अण्णा खिडकीबाहेर बघत राहिले,
दुसऱ्याच्या घरातलं भांडण ऐकावं तसे.

मी कुर्ल्याहून क्लिप आणली.
नुसती जीभ, पट्ट्याशिवाय, साठ रुपयांची.
दुकानदार म्हणाला, सगळे हीच नेतात ताई,
गाडीला वाटतं माणूस बांधलाय.
खाचेत घातली. खट्.
गाडीचं तोंड बंद.

पुढच्या रविवारी वडाळ्यापर्यंत ते गप्प बसले.
मग चुळबुळ.
"बेल नाही, काही नाही,
आणि तू चालवतेस कोणाच्या हुकमावर?"

मग पाष्टे ड्रायव्हर निघाले, जे नेहमी निघतात.
"गाडी चालू असताना पाष्ट्यांचं तोंड मी कधी पाहिलं नाही.
ते पुढे, मी मागे, मधे साठ माणसं.
एक टोला, थांब. दोन, निघ.
तीन म्हणजे भरली, आता कुठे उभा राहू नकोस.
एवढ्यावर अकरा वर्षं काढली आम्ही.
गैरसमज म्हणून नाही."

मी गिअर बदलला.
आमच्यामधे तर कोणीच नव्हतं,
फक्त हॅण्डब्रेक आणि त्यांची गोळ्यांची डबी.
माझ्या लग्नानंतर
तीन टोल्यांएवढंही बोलणं झालं नव्हतं.

मोतीबिंदू काढला त्या दिवशी, परळहून येताना,
उजव्या डोळ्यावर हिरवी झापड, डावा तसाही धुरकट.
हात चाचपडत खाचेपर्यंत गेला,
साठ रुपयांची जीभ उपसून त्यांनी माझ्या मांडीवर ठेवली.
टिंग.
"हां," म्हणाले, "आता कळतंय गाडीत बसलोय."

पुलाखालून घे, म्हणाले, वरून स्टॉप चुकतात.
आणि बंद डोळ्यानं सांगत गेले:
हिंदमाता.
चित्रा.
खोदादाद सर्कल, पुढे व्हा, पुढे मोकळं आहे.
एकही चुकला नाही.
ती टिंग टिंग करत होती, मी चालवत होते,
पहिल्यांदाच मला ती आगाऊ वाटली नाही.

किंग्ज सर्कलला लाल. गाडी थांबली तशी तीही थांबली.
अण्णांनी सदऱ्याची दोन बटणं सोडली.
डाव्या खांद्यापासून तिरकी, खाली उजव्या कमरेकडे,
एक वाट. केस नाहीत, कातडी वेगळ्याच रंगाची.
"पिशवीचा पट्टा," म्हणाले.
"जमा केली त्या दिवशी कारकुनानं चिल्लर मोजून घेतली,
पंच मोजला, बिल्ला मोजला.
हे काही त्याच्या यादीत नव्हतं.
तेव्हाच ठरवलं, या जागेवर आता कशाचं ओझं नको."

हिरवा पडला. मागून हॉर्न.
मी क्लचवरून पाय काढला नाही.
बेल मिळाल्याशिवाय हलणार नाही, म्हटलं.
मागचा टेम्पोवाला माझ्या सात पिढ्यांपर्यंत पोचला.

ते हसले नाहीत.
पट्टा ओढला, जुन्याच वाटेवर बसवला.
खाच सापडेना. मी हात पुढे केला नाही.
खट्.
काढला.
परत खट्.

"डबल," अण्णा म्हणाले,
"जाऊ दे."