समासातलं

गुरुवार पेठ. संडे स्कूल सुटताना
अनुग्रह विचारतो, बाई,
तिसऱ्या वचनानंतर एकदम पाचवं कसं?

योहान, अध्याय पाच. तळ्याकाठी आजारी पडून आहेत,
पण पाणी कोण हलवतं
ते नव्या भाषांतरात नाही.
खाली मुंगीएवढ्या टायपात टीप:
सर्वांत जुन्या प्रतींत आढळत नाही.

मी सांगते, प्रत उतरवणारा कुणी असेल.
त्याला वाटलं, वाचणाऱ्याला कळायला हवं
ही माणसं पाण्याकडे का बघतायत.
लिहिलं समासात.
पुढच्याने ते ओळीत घेतलं.
लबाडी नाही रे ती.

घरी येऊन आईचं शास्त्र काढलं,
पाठीला खाकी चिकटपट्टी.
त्याच पानावर, तळ्याच्या अगदी कडेला, तिची पेन्सिल:
‘शामुवेल ससूनमध्ये. खाट अकरा.
ताप एकशे चार. पहाटे घाम आला.’

कुणी आणला घाम, लिहिलेलं नाही.
रात्रपाळीची एखादी सिस्टर असेल,
कपाळावरची पट्टी
पुन्हा पुन्हा पाण्यात बुडवणारी.

शामूदादा आता सत्तरीचा. हडपसरला असतो.
उपदेश सुरू झाला की डुलक्या काढतो.

उद्या हे पान उतरवताना
कुणी खाट अकरा ओळीत घेतली
तर मी नाही
सांगणार त्याला.