निळ्या पेनचं वर्तुळ

चौदा नंबरच्या कॉटवर बालमणी गड्डम, दत्त नगर.
उजवा हात कोपरापर्यंत सुजलेला, तव्यासारखा तापलेला.
पान कापताना पत्र्याची धार बोटात शिरली,
तिने वर तंबाखूची चिमूट दाबली
आणि राहिलेल्या सहाशे विड्या वळून टाकल्या.

मुलगा म्हणाला, सिस्टर, पॉवरफुल इंजेक्शन मारा,
सकाळी टॉवेलच्या मागावर जायचंय मला.
चौकातले डॉक्टर पाच मिनिटांत मोकळं करतात.
त्यांनी काय दिलं होतं?
पांढरं होतं, म्हणाला.
आईला कधी कुठलं औषध बाधलंय?
नाही, म्हणाला. तोच म्हणाला.

सगळीच पांढरी असतात, बाबा.
कुपीच्या तळाशी बारीक मिठासारखी भुकटी.
पाणी सोडायचं, खळखळवून फेस आणायचा नाही,
तळहातांत फिरवत राहायचं
गढूळपण निवेपर्यंत.
तारीख दिव्याशी धरून वाचायची.
नाव दोनदा वाचायचं, माणसाचं आणि औषधाचं.
ही दोन नावं चुकलेली मी एकदा पाहिलीत.
त्यावर मी काही लिहिणार नाही.

डाव्या हाताच्या आत, कातडीतच
मुगाएवढा फुगा,
भोवती निळ्या पेनचं वर्तुळ.
आता अर्धा तास.
मे महिना, पंखा तीच गरम हवा
फिरवून फिरवून परत देतो.
ट्रेमध्ये अ‍ॅड्रेनॅलिनची कुपी, न फोडलेली,
शेजारी किल्ली ठेवून गावाला जावं तशी.

अर्ध्या तासाने वर्तुळ कोरं.
लाली नाही, खाज नाही.
मुलगा उठून उभा राहिला.
सिरिंज माझ्या हातात, हवा काढलेली,
आणि का कोण जाणे, मी या वेळी
त्याला नाही, तिला विचारलं.

दद्दुर्लु, म्हणाली ती. आणि अजून काहीतरी.
माझं तेलुगू तीन शब्दांचं: उठा, दुखतं का, सूदि.
पंधरा नंबरची अंबक्का कूस वळून म्हणाली,
अंगभर गांधी उठल्या होत्या म्हणतेय.
श्वास अडकला होता.
अशीच सुई, अशीच पांढरी.
हा पोटात होता तेव्हा.

मुलगा खाली बसला.

वर्तुळ अजून कोरंच होतं.
त्याला जेवढं ठाऊक, तेवढंच ते सांगत होतं.

भरलेली सिरिंज मी टाकून दिली.
सुई कटरमध्ये 'कट' झाली, टोपण लावायला गेले नाही.
रात्री दोनला डॉक्टर आल्या, केसपेपरवरचं नाव खोडलं,
दुसरं लिहिलं, आणि माथ्यावर लाल शाईत
तिची ती जुनी गोष्ट, दोन ओळींत.

नवं औषध सलाईनमधून, सावकाश.
बालमणी थेंब मोजत होती. ओठ हलत होते.
पंचवीस झाले की क्षणभर थांबायची,
जणू दोरा गुंडाळून कट्टा बांधतेय.

तिसऱ्या दिवशी हाताला सुरकुत्या परतल्या.
घरी जाते, म्हणाली, पानं भिजवून ठेवलीत.
मी म्हटलं, हजाराच्या ठिकाणी सातशे दिल्या
तर कारखाना घेतो का?
अंबक्काने ते तेलुगूत सांगितलं,
माझ्यापेक्षा लांब, आणि बहुतेक शिव्या घालून.
बालमणी राहिली.

जाताना लाल शाईतलं तेच मी एका कार्डावर उतरवलं.
तिने ते विडीच्या ओळखपत्रामागे,
त्याच प्लास्टिकमध्ये सरकवलं.
मुलगा दारातून परत आला.
सिस्टर, ते नाव पुन्हा एकदा सांगा.
आणि मोबाईलवर एकेक अक्षर
चुकत, खोडत, लिहीत राहिला.