न्यूट्रलचा दिवा

गाडी घेतली तेव्हाच तिचा न्यूट्रलचा दिवा गेलेला होता.
अठ्ठावीस हजारांत दिवे मोजायचे नसतात,
असं विकणारा म्हणाला,
आणि सहीसाठी पेन माझंच मागितलं.

लॅबमध्ये सगळ्यांचं एकच, अगं, स्कूटर घ्यायचीस.
मी म्हटलं, रक्ताचा डबा बांधायला मागे कॅरियर हवा.
ते खरं कारण नव्हतं.
खरं कारण मला अजून सांगता येत नाही.

पहाटे साडेपाचला घणसोलीतून निघते.
रक्त उपाशीपोटी द्यायचं असतं,
म्हणून निम्मी नवी मुंबई चहाविना
माझी वाट बघत बसलेली.
कोपरखैरणे, वाशी, मग पाम बीचवरून नेरूळ.
उजव्या हाताला खारफुटी, तिच्यापलीकडे पाणी,
आणि पाण्याकडे बघायचं नाही,
कारण गाडी बघू तिकडेच जाते.
(हे मला कोणी शिकवलं नाही. दुभाजकाने शिकवलं.)

पहिले दोन महिने प्रत्येक सिग्नलला
क्लच आवळून उभी. डावं मनगट रात्री पोळी लाटू देईना.
गोठिवलीचा मढवी मेकॅनिक म्हणाला,
खाली काय बघतेस ताई, दिवाच नाय तिथं.
पायाला विचार.
पहिला आणि दुसरा, याच्यामधी अर्धी जागा असते.
दाबायचं नाय. नुसतं उचलून बघायचं.

मला हसू आलं.
चौदा वर्षं नव्या पोरींना हेच सांगत आले होते,
शीर डोळ्यांनी शोधू नका गं,
बोट ठेवा, थांबा,
ती खालून स्वतः हाक देते.

नेरूळचे टिपणीस, केमिकल कंपनीतून निवृत्त,
दंड पुढे करण्याआधी विचारतात, आज किती झाले?
मी गाडीवरचा आकडा सांगते.
दुधाच्या कॅलेंडरवर ते दोन रकाने भरतात,
एकात त्यांची साखर, एकात माझे किलोमीटर.
यातलं एकच वाढलं पाहिजे, म्हणतात,
आणि मूठ आवळतात.

महाप्याच्या वळणावर डंपरने खडी सांडली होती.
मी पुढचा ब्रेक दाबला.
पुढचं आठवत नाही, एवढंच की
आडवी पडल्यापडल्या आधी डबा उघडला.
अकरा नळ्या. अकराही शाबूत.
मग गुडघा पाहिला.
धावत आलेल्या वॉचमनने आधी गाडी उचलली, मग मला.
मला त्याचा राग आला नाही.

त्याच रात्री ऋजुता म्हणाली, मला सायन्स नको.
भाजीत मीठ कमी आहे म्हणावं, तशी.
माझ्या जिभेवर पुढचा ब्रेक आलेला.
गुडघ्यावर हळद ठणकत होती.
खडीवर पुढचा नाही, मी मनात म्हटलं,
आणि तोंडाने म्हटलं, जेवून घे आधी.
ती बघतच राहिली.

शहाणी झाले असं समजू नका.
दुसऱ्या दिवशी ओरडलेच, शेजारी ऐकू जाईल इतकं.
चेन दर पाचशे किलोमीटरला सैल पडते.
आणि फार घट्ट केली तर तुटते,
दोन बोटं झोल ठेवावाच लागतो,
मढवी बोट घालून दाखवतो.
ऋजुताच्या खोलीची कडी मी त्या आठवड्यात
परत लावून दिली.

वर्ष झालं. अकरा हजार सहाशे चाळीस.
मढवी म्हणाला, दिवा घालून देऊ? साठ रुपये.
वाटलं, नको म्हणावं, आता कशाला.
पण वर्षभर अंधारात उभं राहिल्याचं
कौतुक किती करायचं?
घाल म्हटलं.

हिरवा, मुगाएवढा. छान दिसतो.
फक्त कधीकधी पहिल्या गिअरमध्येही लागतो.
परवा तुर्भ्याच्या सिग्नलला त्याच्यावर विसंबून
क्लच सोडणार, तेवढ्यात
पाय म्हणाला, थांब.

उद्या टिपणिसांची पाळी.
आकडा हातावर लिहून ठेवला पाहिजे.