बरगे

उद्यमनगरात, लेथच्या वरच्या खोलीत
रात्रीचे दोन. टेबलावर तळहाताएवढा बोर्ड,
त्याचा पडदा काळा.

पडद्याचा ड्रायव्हर घड्याळाकडं ठोका मागतो,
घड्याळ म्हणतं, मला आधी वीज दे,
विजेचा रखवालदार अजून उठलेलाच नाही.
मग कर्नल पडद्याला सांगतो, न चिडता,
दारातल्या पाव्हण्याला सांगावं तसं:
आत्ता नको. मागनं ये.
पडदा जातो. येतो. परत जातो.
लॉगमध्ये त्याच्या चपलांचे ठसे, त्रेचाळीस.

माझे पॅच अकरा.
चार माझ्या अंगणातले, तीन ओस्लोच्या ओलावचे,
उरलेले एका बाईंच्या ताब्यात. त्यांना मी कधी पाहिलं नाही,
त्यांचा नकार तेवढा ओळखते: नम्र, आणि मुद्द्यांना आकडे घातलेला.
अट साधी आहे, म्हणजे अवघड आहे:
कुठल्याही पायरीवर थांबलं तरी
यंत्र उठलं पाहिजे.
सातव्यावर मोडते, आठव्यावर सांधते, असं चालत नाही.
उद्या कुणीतरी दोष हुडकत मागं मागं येईल
आणि नेमका सातव्यावर पाय ठेवील.

माझा तिसरा पॅच एका फंक्शनचा आकारच बदलत होता.
सात ड्रायव्हर त्याला हाक मारतात,
सातांचे मालक सात, आणि त्यांच्या सकाळी वेगवेगळ्या वेळी होतात.

रविवारी लॅपटॉप मिटून बंधाऱ्यावर गेले.
आप्पासो मगदूम बरगे घालत होते.
ऑक्टोबरचं ऊन मानेवर, दोन गडी, एक दोर,
खाचेत कण्हत उतरणारी फळी.
मध्ये लोखंडी आणले होते, मामा म्हणाले,
पण पूर यायच्या आत चोरांनीच काढले.

सगळ्या खाचा भरल्या. एक तेवढी उघडी ठेवून
मामा कठड्यावर बसून राहिले.
का थांबलाय?
"खालच्याचा फोन यायचाय.
मी आधी अडीवलं तर त्याच्या मोटारी वाळूत बोंबलत्यात.
त्याचं भरलं की तो सांगणार. मग मी. मग वरचा."
आणि त्याला कोण सांगतं?
"त्याच्या खालचा."
आणि सगळ्यात खाली?
मामांनी तंबाखू मळली, चिमूट गालात सारली.
"तितं कर्नाटक लागतंय."

घरी येऊन तिसरा पॅच फाडला.
जुन्या फंक्शनला हात लावला नाही,
त्याच्या शेजारी नवं उभं केलं, दोन्ही वाहती.
एकेका ड्रायव्हरला, मालकाला विचारून, पलीकडं नेलं.
अकराचे एकोणीस झाले.
ओलावनं आपली फांदी तोडून हातात दिली, खाली लिहिलं:
हिला आता मीसुद्धा हात लावणार नाही. बिनधास्त हिच्यावर बांधा.
फ्लॅट घेताना बिल्डरनंही
इतका सरळ शब्द दिला नव्हता.

एकोणिसावा सगळ्यात लहान. नुसत्या वजा खुणा.
ते जुनं फंक्शन मीच लिहिलं होतं,
फिरोज अत्तार नोकरी सोडून गेला त्या वर्षी.
कमेंटमध्ये त्याची शुद्धलेखनाची एक चूक होती,
मी मुद्दाम ठेवलेली.
तीही गेली.

सहा आठवड्यांनी बाईंचं उत्तर आलं. आकडे नव्हते.
एकच शब्द: घेतलं.
मला मात्र ऐकू आलं ते कठड्यावरून,
फोन कानाला लावून, नदीच्या वर ओरडलेलं:
झालं गा माझं! घाल आता तुझं!

आठला खाली शटर वाजलं.
लेथनं पहिला दणका घेतला,
खोलीतला दिवा मिचकावला.
मी मान वळवून बोर्डाकडं बघितलं.
पडद्यानं पापणी हलवली नाही.